बिअर घेण्याआधी: आमच्या लाल चोपडीतून

ग्राहकांसाठी माहितीपत्रक. वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठीच.

सांगलीच्या हळदपेठेत हिशेबाला असते तसली एक लांब, लाल कापडी चोपडी आमच्या काउंटरवर ठेवलेली आहे. दोऱ्याला पेन बांधलेलं. तिच्यात उधारी नाही, गिऱ्हाइकांची मतं आहेत. कुठली बिअर नेली, कशाबरोबर घेतली, कशी लागली, पुन्हा न्याल का. सुरुवातीला लोक बिचकत "छान", "मस्त" एवढंच लिहायचे. आता एकाच्या मताखाली दुसरा स्वतःचं मत लिहितो, आणि कधी तिसरा येऊन दोघांनाही खोडून काढतो. हे पत्रक त्या चोपडीवरून तयार केलं आहे.

चोपडी का ठेवली ते सांगतो. बिअर शॉपीत सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "कडक कुठली?" आमचं म्हणणं असं, की हा प्रश्न बाजूला ठेवून दोन वेगळे प्रश्न विचारा: "ही लागते कशी?" आणि "ही कधीची आहे?" क्राफ्ट बिअरचे, म्हणजे छोट्या प्रमाणात चवीसाठी केलेल्या बिअरचे, पैसे जास्त पडतात, ते या दोन गोष्टींसाठीच. नुसती कडक हवी असेल तर ते जादा पैसे वाया गेले म्हणून समजा.

कडकपणाचा हिशेब मात्र प्रत्येकाला माहीत हवा, म्हणून तो आधी मांडतो. ८ टक्क्यांच्या स्ट्राँगच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्के व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण २६ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली म्हणजे दोन मोठे पेग. साडेचार टक्क्यांच्या ३३० मिलीच्या लहान बाटलीत जेमतेम १५ मिली. "बिअरच तर आहे" म्हणून दोन स्ट्राँग संपवणारा माणूस चार मोठे पेग पोटात घेऊन घरी निघालेला असतो. नियमाप्रमाणे ५ टक्क्यांच्या वर गेली की बिअर स्ट्राँग धरतात आणि ८ ही वरची हद्द. लेबलवरचा हा आकडा वाचायची सवय लावून घ्या.

आता चवीकडे येऊ. बिअरमध्ये मुळात चारच जिन्नस: पाणी, सातू (बार्ली), हॉप्स आणि यीस्ट, म्हणजे आंबवणारे सूक्ष्म जीव. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली कायदाच झाला, की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. यीस्टचं नाव त्यात नाही, कारण आंबवण्याचं काम कोण करतं हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. सातूला आपण मटकीला आणतो तसे मोड आणतात आणि वाळवतात. हाच माल्ट. तो नुसता वाळवला तर बिअर सोनेरी होते, जरा भाजला तर तांबूस आणि बिस्किटासारखी, पार काळा भाजला तर कॉफीसारखी. शेंगदाणा कच्चा, भाजलेला आणि करपलेला खाऊन पाहा, म्हणजे हा फरक कळेल. हॉप्स ही एका वेलीची फुलं. कडवटपणा त्यांचा, आणि लिंबूसालीचा, आंब्याचा किंवा गवताचा जो वास येतो तोही बहुतेक त्यांचाच.

पाण्याचं महत्त्व आपल्याकडे वेगळं सांगायला नको. जड पाण्यात तूरडाळ शिजत नाही हे बोअरचं पाणी वापरणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. बिअरचंही तसंच आहे. आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेन गावचं पाणी अतिशय हलकं. तिथे १८४२ साली जोसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रूअरनं पहिली स्वच्छ सोनेरी पिल्सनर बनवली. इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी उलट जिप्समनं जड, आणि त्यात हॉप्सचा कडवटपणा धारदार उठतो, म्हणून ते गाव पेल एल नावाच्या फिकट रंगाच्या बिअरसाठी नावाजलं.

क्राफ्ट म्हणजे काय, याची एकच पक्की व्याख्या नाही. आम्ही असं सांगतो: छोट्या प्रमाणात, चव डोळ्यांपुढे ठेवून, स्वस्त पडावी म्हणून तांदूळ किंवा साखर न मिसळता केलेली बिअर. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही जागीच बिअर बनवणारी छोटी ब्रूअरी सुरू झाली आणि आपल्या भागातल्या पुष्कळ जणांनी ताजी बिअर पहिल्यांदा तिथेच चाखली. २०१५ मध्ये बिरा या ब्रँडची बिअर आली आणि बाटलीतली व्हीट बिअर दुकानोदुकानी पोचली. आमच्याकडे ही मागणी सुरू झाली ती पुण्यात नोकरीला असलेल्या आणि दिवाळीला, गणपतीला घरी येणाऱ्या मुलामुलींमुळे. "तिथं मिळते ती तुमच्याकडं का नाही?" असं दहा जणांनी विचारल्यावर आम्ही एक फ्रीज वाढवला.

चोपडीत सगळ्यांत जास्त पानं भरली आहेत व्हीट बिअरनं, म्हणजे गव्हाच्या बिअरनं. तिचे दोन प्रकार आहेत. जर्मन पद्धतीच्या हेफेवाइत्सेनमध्ये निम्मा किंवा त्याहून जास्त गहू असतो. ती गढूळ दिसते, कारण यीस्ट गाळून काढलेलं नसतं. पेठेत हळदीचा व्यापार करणारे आमचे एक गिऱ्हाईक आहेत, वास घेण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी पहिल्याच घोटानंतर लिहिलं, "आधी वेलची केळं, मग लवंग. यात मसाला घातलाय का?" मसाला घातलेला नसतो. केळ्याचा वास यीस्ट आंबवताना स्वतःच तयार करतं. पिकल्या केळ्यात जे आयसोअमाइल अॅसिटेट असतं तेच इथेही असतं. लवंगेचा वासही यीस्टचाच. दुसरा प्रकार बेल्जियन विट. तिच्यात संत्र्याची साल आणि धणे खरोखरच घालतात. ही पद्धत जवळजवळ बुडाली होती. १९६६ मध्ये होगार्डन गावात पिएर सेलिस यांनी ती पुन्हा उभी केली. कुणाला पहिल्यांदाच क्राफ्ट चाखायची असेल तर आम्ही विटच हातात देतो. कडू कमी, वास प्रसन्न, आणि धणे आपल्या नाकाला ओळखीचे.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, या प्रकारावर चोपडीत सगळ्यांत जास्त भांडण आहे. नावात इंडिया असली तरी ही बिअर इंग्लंडची. जहाजानं हिंदुस्थानात यायला महिनोन्‌महिने लागायचे आणि हॉप्स भरपूर घातले की बिअर टिकायची, म्हणून त्या काळी इकडे पाठवायच्या पेल एलमध्ये हॉप्सचा हात सैल असे. एका शिक्षकांनी लिहिलंय, "काढा प्यायल्यासारखं वाटलं, पैसे गेले." खाली दुसऱ्या अक्षरात: "सर, कारलं पहिल्यांदा आवडलं होतं का? तिसऱ्या वेळी बघा." आमचं मत या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर: आयपीए ताजी हवी. कडवटपणा टिकतो, फळांचा वास आधी उडतो. सहा महिने पडलेली आयपीए म्हणजे खरोखरच काढा. सरांना मिळालेली बाटली जुनी होती हे आम्ही नंतर तारीख पाहून ताडलं आणि त्यांना तसं सांगितलं.

लागर तुम्हाला माहीतच आहे, रोजची बहुतेक बिअर लागरच असते. थंडाव्यात सावकाश आंबवतात आणि मग आठवडेच्या आठवडे मुरवत ठेवतात. जर्मन भाषेत लागर म्हणजे साठवणच. एल मात्र जरा उबेत, १५ ते २४ अंशांच्या आसपास, लवकर आंबते आणि म्हणून तिला फळांचे वास जास्त येतात.

स्टाऊटला सांगलीत गिऱ्हाईक कमी, हे आम्हाला मनापासून खटकतं. काळा रंग पाहून लोक ती कडक समजतात. रंग भाजलेल्या सातूचा असतो, कडकपणाशी त्याचा काही संबंध नाही. साडेचार टक्क्यांची स्टाऊट असते आणि आठ टक्क्यांची पिवळी बिअरही असते.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार दर पंधरवड्याला येतात. एकदा त्यांनी खिशातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजायचं उपकरण, काढून काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "तुमच्या बिअरचं ब्रिक्स किती?" प्रश्न अगदी बरोबर होता. ब्रूअर लोकही आंबवण्याआधी सातूच्या गोड पाण्याची साखर मोजतात. ते तिला डिग्री प्लेटो म्हणतात, पण आकडा ब्रिक्सच्या जवळजवळ तोच येतो. साध्या बिअरला ही गोडी दहा ते बारा असते. त्यातली बरीचशी साखर यीस्ट खातं आणि तिची अल्कोहोल होते, उरते ती जिभेला अंगाची, भरीव लागते. मात्र तयार बिअरवर रिफ्रॅक्टोमीटर धरला तर आकडा चुकतो, कारण अल्कोहोल मध्ये येते. त्यांनी त्यावर चोपडीचं एक अख्खं पान लिहिलं आहे, जरूर वाचा. द्राक्षाला नुसती गोडी असून चालत नाही, आंबटपणाचा तोल लागतो, तसं बिअरमध्ये माल्टच्या गोडीला हॉप्सचा कडवटपणा तोलतो, असं त्यांनी मांडलंय. आम्ही इतकी वर्षं विकतो, पण इतकं सोपं करून आम्हाला सांगता आलं नव्हतं.

आता आमच्याकडून झालेली एक चूक. दुकान नवं असताना हिरव्या बाटल्या छान दिसतात म्हणून आम्ही त्या पश्चिमेच्या काचेत मांडल्या होत्या. दुपारनंतर ऊन थेट त्यांच्यावर यायचं. एप्रिलमध्ये एक ताई बाटली परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "उघडली की जळक्या रबरासारखा वास येतो, जरा तुम्हीच बघा." आम्ही त्याच मांडणीतली दुसरी उघडली, तोच वास. मागच्या खोलीतल्या खोक्यातली तिसरी उघडली, ती स्वच्छ. उन्हातल्या अतिनील आणि निळ्या किरणांनी हॉप्समधला कडू अंश फुटतो आणि हा घाण वास तयार होतो. हिरवी आणि पांढरी काच हे किरण अडवू शकत नाही, तपकिरी काच बरेच अडवते, कॅन पूर्ण अडवतो. त्या दिवशी काचेतल्या सगळ्या बाटल्या आम्ही ओतून दिल्या आणि ताईंचे पैसे परत केले. तेव्हापासून काचेत फक्त रिकाम्या बाटल्या असतात.

उष्णताही तितकीच वाईट. सांगलीच्या मे महिन्यात टेम्पोत दिवसभर तापलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास धरतो. नंतर कितीही गार केली तरी तो जात नाही. म्हणून उन्हाळ्यात क्राफ्टचा माल आम्ही पहाटेच उतरवून घेतो आणि थेट फ्रीजमध्ये लावतो. तुम्हीही बाटली घेऊन गाडीच्या डिकीत चार तास ठेवू नका. निर्मितीची तारीख बाटलीच्या लेबलवर आणि कॅनच्या बुडाला असते. आमच्या हातून घेताना ती बघा, आम्हाला राग येत नाही. तीन महिन्यांहून जुनी आयपीए असेल तर आम्ही आधीच तसं सांगून देतो.

घरी गेल्यावर बर्फ घालू नका. फ्रीजरमध्येही ठेवू नका, विसरलात तर कॅन फुटतो. बर्फासारखी गार बिअर जिभेला बधीर करते आणि मग दीडशेची आणि चारशेची एकच लागते. लागर ४ ते ७ अंशांना, व्हीट थोडी वर, आयपीए ८ ते १० आणि स्टाऊट १० ते १३. थर्मामीटर नको: फ्रीजमधून काढल्यावर लागर लगेच घ्या, आयपीए दहा मिनिटं टेबलावर राहू द्या, स्टाऊट वीस. ग्लासात ओतूनच घ्या, वास ग्लासातच येतो. ग्लास तिरपा धरा, शेवटी सरळ करा, दोन बोटं फेस येऊ द्या. हेफेवाइत्सेनचा शेवटचा घोट बाटलीतच गोल हलवून मग ओता, म्हणजे तळाचं यीस्ट वर येतं.

फेस बसतो अशी तक्रार चोपडीत वारंवार आहे. बहुतेक वेळा दोष भडंगाचा असतो. तेलकट बोटं ग्लासाला आणि तेलकट ओठ कडेला लागले की फेस मरतो. भडंग सोडा असं सांगलीकराला सांगण्याची आमची हिंमत नाही, इच्छाही नाही. लागरबरोबर लसणाच्या भडंगासारखं दुसरं काही नाही. फक्त हात पुसायला रुमाल जवळ ठेवा. तांबड्या रश्श्याबरोबर आणि सुक्या मटणाबरोबर गव्हाची बिअर घ्या. खर्ड्याबरोबर आयपीए घेऊ नका, कडवटपणानं तिखट जास्त झोंबतं. आणि स्टाऊटबरोबर तासगावचा बेदाणा किंवा गुळाची शेंगदाणा चिक्की. ही जोडी आमच्या घरातली आहे. यावर चोपडीत आतापर्यंत कुणीही वाईट लिहिलेलं नाही.

महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवाना हवा. वयाचा पुरावा मागितला तर कृपया वाईट वाटून घेऊ नका. दुकानात किंवा दुकानासमोर बिअर उघडता येत नाही, आमच्या परवान्यात फक्त सीलबंद विक्री बसते. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे आणि एका स्ट्राँग बाटलीत ती हद्द सहज ओलांडली जाते. गरोदर बायकांनी, औषधं चालू असलेल्यांनी आणि गव्हाचं, सातूचं वावडं असलेल्यांनी बिअर घेऊ नये.

चोपडीत लिहिताना एवढं करा: बिअरचं नाव, निर्मितीची तारीख, आणि चवीला तुमच्या घरातला शब्द. "हॉपी" कुणालाच कळत नाही, "कच्च्या कैरीसारखी" सगळ्यांना कळतं. आवडली नसेल तर तेही लिहा. एखाद्या बिअरबद्दल एकाच तारखेच्या तीन तक्रारी आल्या की ती बॅच आम्ही परत पाठवतो. या वर्षी दोनदा पाठवली. नाव लिहायची गरज नाही. नवी चोपडी गेल्या महिन्यात सुरू केली, जुनी काउंटरखालच्या खणात आहे. मागा, काढून देतो.