सेल्फ मारला की व्होल्ट जातात कुठे?

जुना ट्रक सेल्फ उचलत नसला की पहिला आळ स्टार्टर मोटरवर येतो. ती उतरवली जाते, कधी बदलली जाते, आणि नवी मोटर बसवूनही ट्रक आधीसारखाच 'टक' करून गप्प. खरा चोर बऱ्याचदा मोटरच्या बाहेर असतो. तो का सापडत नाही, हे ओहमच्या नियमावरून (करंट गुणिले रोध म्हणजे वाटेत खर्च होणारे व्होल्ट) समजतं.

मोठं डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो. हिशेबाला ४०० धरू. बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या वाटेत ०.०१ ओहमचा रोध शिल्लक असेल, म्हणजे टर्मिनलवर साचलेला क्षार, ढिला नट किंवा आतून सडलेली केबल, तर तिथेच ४ व्होल्ट खर्च होतात. १२ व्होल्टच्या गाडीत हा एक तृतीयांश हिस्सा झाला. त्याच टर्मिनलमधून हेडलाइटला जेमतेम १० अँपिअर जातात आणि तूट पडते ०.१ व्होल्टची, जी डोळ्यांना कळतही नाही. "दिवे तर लख्ख लागतात, म्हणजे बॅटरी ठीक" हे अनुमान इथेच फसतं.

केबलचा रोध मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजायला जाऊ नये. मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून कितीतरी जास्त असतो. मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरं स्टार्टरच्या जाड बोल्टवर टेकवायचं, आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. इंजिन फिरत असताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर वाटेत गळती आहे. मग बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि स्टार्टरची बॉडी यांच्यात हेच करायचं. ही दुसरी चाचणी लोक हमखास विसरतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे चासीपर्यंतची परतीची वाट अर्थिंगच्या पट्टीतून जाते, आणि जुन्या ट्रकमध्ये ती गंजलेली असण्याची शक्यता दाट.

'टक' एकदाच येतो की 'कटकटकट' होते, यावरूनही बरंच कळतं. सॉलेनॉइडमध्ये, म्हणजे स्टार्टरच्या विद्युतचुंबकी स्विचमध्ये, तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. जोरकस गुंडाळी प्लंजर (आतला लोखंडी दांडा) ओढून पिनियनला (मोटरच्या छोट्या दातेरी चाकाला) फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये, म्हणजे इंजिनच्या जड चाकावरच्या दातेरी कड्यात, ढकलते आणि शेवटी तांब्याचे जाड कॉन्टॅक्ट जोडते. ते जोडले गेले की तिच्या दोन्ही टोकांवर सारखंच व्होल्टेज येतं, ती आपोआप बंद पडते आणि प्लंजर धरून ठेवायचं काम हलक्या गुंडाळीवर राहतं. बॅटरी कमजोर असेल तर मोटरने करंट ओढताच व्होल्टेज कोसळतं, हलक्या गुंडाळीची पकड सुटते, कॉन्टॅक्ट उघडतात, भार गेल्यामुळे व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि चक्र परत सुरू. हीच कटकट. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये बहुधा १२च्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. त्या वेगवेगळ्या मोजाव्यात, एक मेलेली असली तरी दोघींचं काम थांबतं. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२च्या आसपास असेल तर बरीच उतरलेली समजावी.

एकच ठसठशीत 'टक' आणि दिवे जराही मंदावत नाहीत, असं असेल तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाहीये. सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत. 'टक' होताना सॉलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये जवळपास पूर्ण बॅटरी व्होल्टेज दिसलं तर दोष कॉन्टॅक्टचा. कार्बन झिजले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही. मोटरला हलकेच हातोडी मारली की ते पुन्हा टेकतात आणि ट्रक सुरू होतो, म्हणून हा उपाय इतका लोकप्रिय. पण त्यातून इतकंच कळतं की मोटर आता खोलायला हवी.

उलट दिवे एकदम विझत आले आणि मोटर नुसती हुंकारली, तर बॅटरी आणि जोडण्या तपासून झाल्यावर इंजिन अडकलंय का ते बघावं. फिरणारी मोटर स्वतः उलटं व्होल्टेज निर्माण करून करंटला आवरते. थांबलेल्या मोटरला हा लगाम नसतो. त्या अवस्थेत किल्ली धरून ठेवणं म्हणजे गुंडाळी जाळणं. चार्ल्स केटरिंग यांनी १९१२च्या कॅडिलॅकसाठी इलेक्ट्रिक स्टार्टर घडवला तेव्हा त्यांची युक्ती हीच होती: मोटर क्षणभरच चालणार, तर तिच्यावर बेताबाहेर भार टाकायला हरकत नाही. म्हणूनच ती आकाराने इतकी लहान राहते, आणि एका वेळी १०–१५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मधे मिनिटभर तरी थांबावं, असं सांगतात.

स्क्रूड्रायव्हरने सॉलेनॉइडचे बोल्ट शॉर्ट करून बघायची सवय मात्र धोक्याची आहे. गिअर पडलेला असेल तर ट्रक चालकाविना पुढे सरकतो. न्यूट्रल, हँडब्रेक आणि चाकांना ओट (अडसर), हे आधी.

मोटर भर्रकन फिरते आणि इंजिन ढिम्म, हा प्रकार विजेचा नव्हे. पिनियनचा एकदिशी क्लच घसरतोय किंवा रिंग गिअरचे दात गेलेत. बंद होताना इंजिन कॉम्प्रेशनच्या दाबामुळे ठरावीक जागीच थांबतं. सहा सिलिंडरचं असेल तर तीन जागी. त्यामुळे दात तेवढ्याच पट्ट्यांत झिजतात. इंजिन हाताने थोडं फिरवल्यावर सेल्फ लगेच लागला, तर नव्या मोटरवर पैसे घालण्यात अर्थ नाही, रिंग गिअर बघा.