टेलिफिल्म: हरवलेल्या एका वर्गाची पार्श्वभूमी

‘एखादी चांगली टेलिफिल्म सुचव ना,’ असं कुणी म्हटलं की माझ्या तोंडून आधी ‘सद्गती’ निघतं आणि पाठोपाठ ‘तमस’. दर वेळी समोरचा अडतो. ‘सद्गती’ म्हणजे सत्यजित रायांचा सिनेमा ना? आणि ‘तमस’ तर मालिका होती! दोन्ही हरकती रास्त आहेत आणि दोन्ही अपुऱ्या. दोन्ही कलाकृती दूरदर्शनसाठी बनल्या होत्या. टीव्हीसाठी बनलेला सिनेमा आपल्याकडे होता, चांगलाही होता, पण त्याला धड नाव मिळालं नाही. नाव नसलेली गोष्ट कुणी नीट जपून ठेवत नाही, म्हणून आज सुचवायला बसलं की दहाव्या नावाशीच गाडी अडते.

या वर्गाचा खरा काळ म्हणजे १९८१ ते १९९१ ही जेमतेम दहा वर्षं. त्याआधीच्या टीव्हीचा, १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगासकट, गाभा होता शेतीचे, शिक्षणाचे कार्यक्रम. १९८२ मध्ये रंगीत आणि देशभर एकाच वेळी दिसणारं प्रक्षेपण सुरू झालं. तेव्हाच समांतर सिनेमावाल्यांची अवस्था अशी होती की महोत्सवात वाहवा मिळायची, पण थिएटरमालक दारात उभं करायचा नाही. टीव्हीकडे प्रेक्षक होते आणि दाखवायला चांगलं काही हवं होतं. या दोन गरजा एकमेकींना भेटल्या, त्यातून हे दशक उभं राहिलं.

‘सद्गती’ १९८१ ची, प्रेमचंदांच्या कथेवरची. लांबी तासाभरापेक्षा कमी. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला गेलेला दुखी नावाचा दलित माणूस तापानं फणफणलेला आहे, पोटात अन्न नाही, आणि पंडितजी त्याला अंगणात पडलेला ओंडका फोडायला सांगतात. ओम पुरींची कुऱ्हाड त्या गाठाळ लाकडावर नुसती आपटत राहते. लाकूड काही फुटत नाही, माणूस मात्र कोसळतो. प्रेताला हात कोण लावणार? पहाटेच्या अर्धवट उजेडात पंडित एका काठीनं प्रेताचा पाय उचलून त्याला दोरीचा फास अडकवतो आणि ओढत नेतो. मग परत येऊन त्या ओंडक्याभोवती पाणी शिंपडून जागा ‘शुद्ध’ करतो. पंडिताच्या भूमिकेत आपले मोहन आगाशे आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर क्रौर्य नाही, अडचणीत सापडलेल्या गृहस्थाची कटकट आहे, आणि तीच जास्त अंगावर येते. हे सगळं घरातल्या पडद्यासाठी रचलेलं आहे. दोरीची गाठ, घोटा, लाकडात रुतलेलं पातं यांना मोठा पडदा लागत नाही, तीन हातांवरून बघणारा माणूस लागतो. चांगली टेलिफिल्म ओळखायची माझी कसोटी हीच आहे: थिएटरात नेली तर ती वाढते की नुसती पसरते? ‘सद्गती’ घरातच जास्त टोचते.

आता शब्दाचा गुंता. ‘टेलिफिल्म’ हा शब्द तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावला जायचा. एक, स्टुडिओत नेपथ्य लावून, तीन-चार व्हिडिओ कॅमेऱ्यांवर सलग चित्रित केलेलं नाटक. दुसरी, फिल्मवर, बाहेरच्या जागी, शॉट बाय शॉट घेतलेला आणि टेबलावर संकलित केलेला सिनेमा. पहिलीची शिस्त नाटकाची होती आणि तालमीला तिथे फार महत्त्व होतं. दुसरीची शिस्त सिनेमाची. आपल्याकडे या दोन्ही बाजूंनी फार चांगलं काम झालं, पण नाव एकच राहिलं. मराठी रंगभूमीवरच्या एका ज्येष्ठ दिग्दर्शिकेनं लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मकथेवरून केलेली ‘स्मृतिचित्रे’ आठवा. सुहास जोशींची लक्ष्मीबाई ज्यांनी पाहिली ते आजही ती नाटक होती की सिनेमा यावर वाद घालतात, पण पाहिल्याचं विसरत नाहीत. त्याच दिग्दर्शिकेनं पुढे ‘वाडा चिरेबंदी’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ ही दोन मराठी नाटकं टीव्हीसाठी हिंदीत केली. विदर्भातला वाडा हिंदीत ‘हवेली’ झाला. देशभर पोचायचं तर हिंदी, हे राष्ट्रीय प्रक्षेपणाचं गणित होतं. ते समजतं, तरी मराठी टेलिफिल्मचं ओघळत जाणं तिथूनच सुरू झालं असं मला वाटतं. जाणती माणसं आणि पैसा दोन्ही हिंदीकडे वळले.

या सगळ्या गुंत्याचा कस लागला ‘तमस’वर, म्हणून तिथे जरा थांबू.

भीष्म साहनींच्या कादंबरीवरचं हे जवळपास पाच तासांचं काम. सुरुवात रात्रीची, एका कोंदट खोलीत. नथू नावाच्या माणसाला डुक्कर मारायचं काम दिलेलं आहे आणि ते डुक्कर मरत नाही. दमछाक, घाम, मिणमिणता उजेड, भिंतीवर हलणाऱ्या सावल्या. हे डुक्कर खरोखर कुणाला आणि कशासाठी हवंय हे नथूला ठाऊक नाही. सकाळी ते मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि फाळणीच्या उंबरठ्यावरचं ते शहर पेटतं. दिग्दर्शक गोविंद निहलानींचं स्वतःचं कुटुंब कराचीहून निर्वासित होऊन आलेलं. खुद्द लेखक एका वृद्ध शीख गृहस्थाच्या भूमिकेत पडद्यावर आहेत. हे जानेवारी १९८८ मध्ये भागाभागांनी दूरदर्शनवर दाखवायला सुरुवात झाली आणि एका प्रेक्षकानं मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. यानं दंगे होतील, हा त्याचा मुद्दा.

पुढच्या तीन दिवसांची हकिगत मी अनेकांना सांगत असतो, कारण ती विसरली जाते. गुरुवारी, २१ जानेवारीला एका न्यायमूर्तींनी प्रक्षेपणाला स्थगिती दिली. दिग्दर्शक अपिलात गेले. शुक्रवारी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं अख्खं ‘तमस’ बसून पाहिलं. शनिवारी स्थगिती उठली. न्यायमूर्तींनी आधी बघितलं आणि मग ठरवलं, एवढी साधी गोष्ट. निकालाचा एक सूर असा होता की निरक्षर माणसालाही अक्कल असते, पडद्यावर कोण आग लावतंय हे त्यालाही कळतं. टीव्हीच्या प्रेक्षकाबद्दल इतक्या आदरानं आपल्या संस्थांनी फार कमी वेळा बोललं असेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १६ फेब्रुवारीला तिथेही आक्षेप फेटाळला गेला. परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापानं, जिथे तिथे धोका बघणाऱ्या डळमळीत मनाच्या मापानं नव्हे, ही कसोटी तिथे पुन्हा मांडली गेली. ती मुळात आपल्या नागपूरच्या, स्वातंत्र्याआधीच्या एका निकालातली आहे.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीनं कळीचा मुद्दा निराळा आहे. सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं ते चित्रपट प्रमाणनाच्या कायद्याचाही आधार घेऊन. म्हणजे लोक ‘मालिका’ म्हणत होते, वर्तमानपत्रं ‘टेलिफिल्म’ म्हणत होती आणि कायद्याच्या लेखी तो चित्रपट होता, कारण त्याला सेन्सॉरचं ‘यू’ प्रमाणपत्र होतं. त्याच प्रमाणपत्रामुळे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला एकात्मतेवरच्या सर्वोत्तम कथापटाचा मान मिळाला, सुरेखा सिक्रींना सहायक अभिनेत्रीचा आणि वनराज भाटियांना संगीताचा. तेव्हाही कुरकुर झाली आणि आजही ऐकू येते की भागाभागांत दाखवलेल्या गोष्टीला कथापटाचा पुरस्कार कसा? माझं मत स्पष्ट आहे. निर्णय बरोबर होता. भाग पाडणं ही दाखवण्याची सोय आहे. ‘तमस’मध्ये प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षकाला ओढून आणणारा हुक नाही, मागच्या भागाची उजळणी कथेत घुसवलेली नाही, रचना सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका श्वासाची आहे. मालिका भागांत विचार करते. हे काम तसं करत नाही.

याच सुमारास पोलंडच्या टीव्हीसाठी दहा आज्ञांवरचे तासातासाचे दहा भाग बनले, ‘डेकालॉग’. त्यातल्या दोन भागांची वाढीव रूपं थेटरात गेली आणि जगानं त्या दहाही भागांना बिनदिक्कत सिनेमाच्या यादीत बसवलं. अमेरिकेत ‘ड्युएल’ १९७१ मध्ये टीव्हीवर आला आणि मग जास्तीची दृश्यं चित्रित करून युरोपच्या थेटरांत गेला. तिकडे टीव्हीसाठीचा सिनेमा हा १९६४ पासूनचा रुळलेला व्यवहार आहे, त्यात गाळही भरपूर आहे. पण त्यांच्याकडे त्या वर्गाला नाव आहे, वेगळे पुरस्कार आहेत, म्हणून याद्या आहेत. आपल्याकडे पाच तासांच्या कामाला एका कागदानं चित्रपट ठरवलं.

तो कागद सगळ्यांकडे नव्हता. दूरदर्शनच्या स्वतःच्या कार्यक्रमांना सेन्सॉर प्रमाणपत्राची सक्ती नव्हती, आतली तपासणी पुरत असे. त्यामुळे केंद्रावर बनलेली कित्येक स्टुडिओ-नाटकं प्रमाणपत्राशिवायच राहिली. ज्याला प्रमाणपत्र नाही ते राष्ट्रीय पुरस्काराला पाठवता येत नाही, मग पुरस्कारांच्या कोशात त्याची नोंद नाही, मग पुढच्या पिढीच्या यादीतही नाव नाही. वर टेप महाग होत्या, त्यावरच नवं चित्रित करायची पद्धत होती. काय पुसलं गेलं याचा हिशेब लावायचा तर पाहणाऱ्यांच्या आठवणीच विचाराव्या लागतात. माझ्या आजोळी बैठकीत एकच टीव्ही होता आणि रविवारी दुपारी इतर भाषांतले पुरस्कारप्राप्त सिनेमे लागायचे. खाली इंग्रजी अक्षरं, आम्हा पोरांना त्यातलं काही कळायचं नाही, पण मामा बंगाली-मल्याळी सगळं न कंटाळता बघायचा. मामाला आजही एका मराठी टेलिफिल्ममधलं अख्खं दृश्य आठवतं, नाव मात्र नाही. मी शोधून दमलो.

कागद असूनही फिल्म वाचतेच असं नाही. दिल्लीच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांवरची १९८९ ची ‘इन विच ॲनी गिव्ह्ज इट दोज वन्स’ हे त्याचं ठळक उदाहरण. तिला पटकथेचा आणि सर्वोत्तम इंग्रजी चित्रपटाचा असे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. दूरदर्शननं ती रात्री उशिरा, एकदा दाखवली. त्यानंतर कित्येक वर्षं ती जगली ती घरगुती व्हीएचएसवर, कॉपीच्या कॉपीवर, चेहऱ्यांचे रंग उडालेल्या अवस्थेत. तरी लोक एकमेकांना देत राहिले, कारण त्यातली मुलं खरोखर जशी बोलतात तशी बोलतात.

१९९२ नंतर खासगी वाहिन्या आल्या आणि चित्र झपाट्यानं पालटलं. रोजच्या मालिकेचा सेट एकदा लावला की शेकडो भाग निघतात, जाहिरातदार रोज त्याच वेळेला येतो. नव्वद मिनिटांच्या एकट्या फिल्मला तेवढाच खटाटोप लागतो आणि दुसऱ्या दिवशी हातात काही उरत नाही. हिशेबात टेलिफिल्म बसेना. शब्दही उतरला. ‘अगदी टेलिफिल्मसारखा झालाय’ असं आता मराठी सिनेमाबद्दल म्हटलं जातं ते नावं ठेवायला. स्वस्त प्रकाशयोजना, एका बंगल्यात आटोपलेलं चित्रीकरण, टीव्हीवरचेच चेहरे असा त्याचा अर्थ. ज्या शब्दाखाली ‘सद्गती’ येते तो शब्द शिवीसारखा वापरला जावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०२० च्या टाळेबंदीत हा जुना प्रश्न नवे कपडे घालून परतला. थेटरं बंद, सिनेमे थेट ओटीटीवर. त्या वर्षीच्या सर्वोत्तम कथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला तमिळ ‘सूरराई पोट्रू’ आधी घरच्या पडद्यावर दिसला. त्याच्याकडे सेन्सॉरचं प्रमाणपत्र होतं म्हणून तो ‘चित्रपट’ ठरला. ओटीटीला मात्र त्या प्रमाणपत्राची सक्ती नाही, २०२१ च्या नियमांनुसार वयोगट प्रसारकानंच लावायचा. म्हणजे पुन्हा तेच. शेजारी शेजारी दोन फिल्म, एकीला कागद आहे, दुसरीला नाही. पस्तीस वर्षांनी यादी करणाऱ्याला एकच सापडेल.

मराठीत या नव्या वळणावरचं मी हमखास सुचवतो ते ‘पिकासो’. कोकणातला दशावतारी बाप, चित्रकलेत पुढे गेलेला मुलगा आणि फीचे पैसे. राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळालेला हा सिनेमा मार्च २०२१ मध्ये थेट ओटीटीवर आला. लांबी सव्वा तासाच्या आसपास. दशावताराचा खेळ त्यात तुकड्यांनी उरकलेला नाही, बसून बघू दिलेला आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, गोव्यातल्या महोत्सवात, सरकारी प्रसारण संस्थेनं स्वतःचा ओटीटी मंच सुरू केला. जुन्या मालिका तिथे आणायचा इरादा जाहीर झाला. टाळेबंदीतही जुन्या मालिकाच परत आल्या होत्या. टेलिफिल्मना तिथे वेगळा कप्पा हवा, त्यावर वर्ष, केंद्र आणि ती स्टुडिओत झाली की फिल्मवर हे लिहिलेलं हवं. मामाचं ते दृश्य असल्या कप्प्यातच कधीतरी सापडेल.

तोवर नव्यानं बघणाऱ्याला माझा क्रम असा. आधी ‘सद्गती’, रात्री, दिवे मालवून. मग ‘पिकासो’, घरातल्या मुलांना घेऊन. ‘तमस’ मात्र एका बैठकीत संपवू नका. पहिल्या तासानंतर थांबा आणि मधे आठवडा जाऊ द्या. नथूला आपण काय केलं हे कळायला जो वेळ लागतो, तो तेव्हाच्या प्रेक्षकांना मिळाला होता.