मंदगती आरसी विमान : वजन आणि तोल

मंदगती आरसी विमान म्हणजे ताशी साधारण १५ ते ३० किलोमीटर वेगाने उडणारी आणि जमिनीवरून रेडिओने चालवली जाणारी विमानाची लहान प्रतिकृती. छंदी मंडळी तिला ‘स्लो फ्लायर’ म्हणतात. फोमशीट, डेप्रॉन (फोमचाच एक हलका प्रकार) किंवा बाल्सा या हलक्या लाकडाचा सांगाडा, रुंद पंख, लहान विद्युत मोटर, लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि दोन-तीन सर्व्हो (शेपटीच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) एवढाच तिचा संसार असतो. ती नीट उडेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते : पंखाच्या क्षेत्रफळाच्या मानाने वजन किती, आणि ते वजन नाकापासून शेपटीपर्यंत कुठे कुठे वाटले आहे. मोटर किंवा प्रॉपेलर नंतरही बदलता येतो. वजन आणि तोल मात्र पहिला तुकडा कापला जातो तेव्हापासूनच ठरत जातात.

गुरुत्वमध्य (विमानाचे वजन जिथे तोलले जाते तो बिंदू) आणि शेपूट यांचे नाते ज्यांनी उडवून दाखवले, त्यांत फ्रान्सचा आल्फाँस पेनो महत्त्वाचा. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत त्याचे ‘प्लॅनोफोर’ हे रबराच्या पिळावर चालणारे विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. त्याचे वजन अवघे १६ ग्रॅम होते. पंखामागे किंचित उणा कोन दिलेली शेपूट आणि पुढे ठेवलेला भार, एवढ्यावर ते कोणी न हाकता स्थिर उडाले. रेडिओ-नियंत्रण १९३० च्या दशकाच्या अखेरीस आले. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंचे विमान त्या काळातले, पण रेडिओच्या काचेच्या निर्वात नळ्या आणि जड बॅटऱ्या वाहायच्या असल्याने तेव्हाची विमाने आकाराने मोठी असत. दीड-दोनशे ग्रॅमचे, हळू फिरणारे आरसी विमान घरोघरी शक्य झाले ते हलक्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आल्यानंतर.

वजन आणि वेग

पंखावरचे उत्थापक, म्हणजे विमान वर उचलणारे, बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की बल चौथ्या हिश्शावर येते. म्हणून हळू उडायचे तर वजन कमी हवे किंवा पंख मोठा हवा. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे विंग लोडिंग, आणि मॉडेलच्या जगात ते पंखाच्या दर चौरस डेसिमीटरमागे (१०० चौरस सेंटिमीटरमागे) किती ग्रॅम असे मोजतात. बंद सभागृहात उडणाऱ्या विमानांत ते ५ च्या आसपास किंवा त्याहून कमी असते, मैदानावरच्या मंदगती विमानांत साधारण १० ते २०, तर नेहमीच्या शिकाऊ विमानांत ३० ते ५० किंवा त्याहूनही जास्त.

समजा पंखाची लांबी १ मीटर आणि रुंदी २० सेंटिमीटर आहे. क्षेत्रफळ २० चौरस डेसिमीटर झाले. विमान ३०० ग्रॅमचे असेल तर विंग लोडिंग १५ येते, आणि स्टॉलचा वेग (म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाही तो वेग) ताशी सुमारे १७ किलोमीटर. तेच विमान ४०० ग्रॅमचे झाले तर हा वेग २० वर जातो. वाढ तीन किलोमीटरचीच, पण ती जाणवते वळणावर. ४५ अंश कलून वळताना पंखावरचा भार १.४१ पट होतो आणि स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ४०० ग्रॅमच्या विमानाला वळणात ताशी २४ किलोमीटरच्या वर राहावे लागते. कवायतीच्या मैदानाएवढ्या जागेत सावकाश फेऱ्या घालण्यासाठी केलेले विमान इथेच आपला गुण गमावते. पडण्याच्या घटना बहुधा सरळ उडताना घडत नाहीत, उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणात घडतात.

गोव्याच्या किनाऱ्यालगत ३० अंश सेल्सिअसच्या दमट हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१५ किलोग्रॅम असते. प्रमाण वातावरणात ती १.२२५ धरतात. या फरकाने स्टॉलचा वेग ३ टक्क्यांनीच वाढतो, तेव्हा त्याची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता करायची ती वाऱ्याची, आणि तिच्याकडे पुढे वळू.

तोल

विमानाचे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य; बोलताना सगळे ‘सीजी’च म्हणतात. सरळ पंखाच्या आणि मागे शेपूट असलेल्या विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर ठेवतात. वरच्या उदाहरणात हे अंतर ५० ते ६६ मिलिमीटर आले. पहिल्या उड्डाणाला ५५ च्या आसपास असावे. निमुळत्या पंखाला हा हिशेब सरासरी रुंदीवर करावा लागतो. शेपूट नसलेल्या, नुसत्या पंखाच्या विमानाला हे आकडे लागू नाहीत, तिथे गुरुत्वमध्य बराच पुढे असतो.

या आकड्यांमागचे कारण असे. प्रत्येक विमानात एक तटस्थ बिंदू असतो. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे असेल तर झुळकेने वर उचललेले नाक आपोआप खाली येते. मागे गेला तर उचललेले नाक आणखी उचलले जाते आणि विमान हातातून सुटते. शेपूट मोठी आणि लांब असेल तर हा तटस्थ बिंदू मागे सरकतो. गुरुत्वमध्य आणि तटस्थ बिंदू यांच्यातले अंतर पंखाच्या रुंदीच्या ५ ते १५ टक्के ठेवतात. आपल्या विमानात १० टक्के म्हणजे २० मिलिमीटर. गुरुत्वमध्य ५ मिलिमीटरने मागे गेला की स्थैर्याचा चौथा हिस्सा गेला. पतंगाची कण्णी बोटभर वर-खाली बांधली की पतंगाची सगळी वागणूक बदलते, तेवढाच हा प्रश्न नाजूक आहे.

नाक जड असलेले विमान धीम्या गतीत आपले दुखणे दाखवते. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) सतत वर धरावा लागतो, आणि शेपटीवरचे बलही वेगाच्या वर्गानेच घटत असल्याने उतरताना नेमका तो अपुरा पडतो. मग चालक वेग वाढवून उतरवतो आणि हलके विमान बनवण्याची मेहनत वाया जाते. शेपूट जड असेल तर हातातल्या रेडिओच्या काठीच्या जराशा हालचालीने विमान उसळते, पूर्वसूचना न देता स्टॉल होते आणि गिरक्या घेऊ लागते. दोन्हींत निवड करायचीच झाली तर पहिल्या उड्डाणाला नाक किंचित जड बरे. पण कायमचा नियम म्हणून ‘नाक जडच हवे’ हे शिकवणे मंदगती विमानाच्या बाबतीत अन्यायाचे आहे.

उंच पंखाखाली लटकणारी बॅटरी लोलकाप्रमाणे विमान सरळ करते, हा समजही सोडून द्यावा. विमान स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवतीच कलते. कलल्यावर ते बाजूला घसरू लागते आणि पंखांचा वर वळवलेला कोन त्या घसरण्यातून त्याला सावरतो.

ग्रॅम कुठे वाचवावे

बांधणी शेपटीपासून हलकी करत यावे, याचे गणित डोळे उघडणारे आहे. ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो शेपटीजवळ, गुरुत्वमध्याच्या ४०० मिलिमीटर मागे बसवले, तर त्यांचा तोल साधण्यासाठी १८० मिलिमीटर पुढे नाकात ४० ग्रॅम वजन लागते. मूळ १८ ग्रॅमसाठी विमानाने ५८ ग्रॅम वाहायचे! तेच सर्व्हो पंखाखाली ठेवून कार्बनच्या बारीक सळ्यांनी शेपूट हलवली तर हा भार बहुतेक सगळा टळतो. शेपटीवरचा रंगाचा जादा हात, सजावटीची चिकटपट्टी, मोडल्यावर ओतलेला ग्लू-गनचा गोंद, हे सारे याच दराने महाग पडते. दुरुस्तीनंतर गुरुत्वमध्य पुन्हा तपासायचा तो यासाठीच.

नाकात शिसे भरणे हा अगदी शेवटचा उपाय. त्याने विंग लोडिंग वाढतेच, शिवाय नाक आणि शेपूट अशी दोन्ही टोके जड झाल्याने विमानाचे जडत्वही वाढते. गुरुत्वमध्य अगदी बरोबर असूनही असे विमान उशिरा वळते आणि एकदा डोलायला लागले की लवकर थांबत नाही. म्हणून आधी बॅटरी हलवून पाहावी. ३०० ग्रॅमच्या विमानात ६० ग्रॅमची बॅटरी २५ मिलिमीटर पुढे सरकवली की गुरुत्वमध्य ५ मिलिमीटर पुढे येतो. बॅटरीची जागा अशी हलवता येईल इतकी लांब ठेवणे, हा आराखड्यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणता येईल. विद्युत विमानात आणखी एक सोय असते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते. इंधनाच्या विमानात टाकी बहुधा पुढे असते आणि इंधन संपत जाते तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो, म्हणून तिथे तोल रिकाम्या टाकीने बघतात.

आडवा तोल अनेकजण बघतच नाहीत. विमान नाकाच्या आणि शेपटीच्या टोकाशी धरून उचलावे. जो पंख वारंवार खाली जातो त्याच्या विरुद्ध टोकाला टाचणी किंवा छोटे नाणे चिकटवावे. अर्ध्या मीटरच्या अंतरावरचे २ ग्रॅम हे मध्यापासून सुमारे १७ मिलिमीटर सरकलेल्या ६० ग्रॅमच्या बॅटरीला पुरे पडतात.

गोव्यात

गोव्यात मंदगती विमानासाठी जागा शोधणे सोपे नाही. माड आणि विजेच्या तारा सगळीकडे. भातकापणीनंतर मोकळी झालेली शेते, जिथे संध्याकाळी फुटबॉल रंगतो, ती उत्तम; जांभ्या दगडाचे सडे मोकळे असतात, पण उतरताना विमान खरवडून निघते. शेतात भाताची खुंटे चाकांत अडकतात, म्हणून चाके काढून पोटावर उतरवण्याची रीत योग्यच आहे. मात्र चाके बहुधा गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. तिथले २० ग्रॅम, ४० मिलिमीटर अंतरावरून काढले, तर गुरुत्वमध्य सुमारे ३ मिलिमीटर मागे जातो. बॅटरी तेवढ्या बेताने पुढे घ्यावी लागते. किनाऱ्यावरची वाळू मोटरमध्ये शिरते आणि खारी हवा जोडण्या गंजवते. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात, तिथे विणीच्या काळात विमान नेऊच नये.

सकाळी वारा मंद आणि जमिनीकडून असतो. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा सहज ताशी १५–२० किलोमीटरवर पोचतो. ताशी २० किलोमीटरने उडणारे विमान अशा वाऱ्यात तोंड करून जागच्या जागी उभे राहते आणि पाठ फिरवली तर माडांपलीकडे जाते. वाऱ्यासाठी मुद्दाम वजन वाढवण्याचा सल्ला कधी कधी ऐकू येतो. तो जड विमानांच्या जगातला आहे. इथे उड्डाणाची वेळ बदलावी, सूर्योदयानंतरचे दोन तास पकडावेत.

पावसाळ्यात आणखी एक बारीक गोष्ट घडते. बाल्सा, कागद आणि पुठ्ठा हवेतील ओल शोषतात. चार महिने माळ्यावर ठेवलेले विमान गणेशोत्सवानंतर बाहेर काढले की त्याचे वजन आणि गुरुत्वमध्य दोन्ही नव्याने मोजावे, वाकलेली शेपूट सरळ करावी. फोमला हा त्रास फारसा नाही. दिवाळीच्या आदल्या रात्रीसाठी नरकासुर उभारणाऱ्या गावोगावच्या तरुणांना बांबूची कामटी तासण्याचा हात असतो आणि तो इथे फार उपयोगी पडतो. बांबू बाल्सापेक्षा कितीतरी जड आहे, तेव्हा कामटी पंखाच्या मुळाशी आणि नाकाच्या बाजूला वापरावी, शेपटीत नको.

वजनाला कायद्याचीही बाजू आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार सर्व सामानासह २५० ग्रॅमपर्यंतचे मानवरहित विमान ‘नॅनो’ वर्गात येते, त्यापुढे २ किलोग्रॅमपर्यंतचे ‘मायक्रो’ वर्गात. दाबोळीला नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा तळ व विमानतळ, आणि २०२३ च्या जानेवारीत वाहतूक सुरू झालेला मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात या दोहोंमुळे निर्बंधित हवाई क्षेत्र मोठे आहे. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय शेतातही विमान सोडू नये.

चाचणी

तोल बघताना विमान उडायला निघते तसेच पूर्ण असावे : बॅटरी, प्रॉपेलर, झाकण सगळे जागेवर. पंखाच्या खालच्या बाजूला दोन्हीकडे खूण करून तिथे दोन बोटांवर ते उचलावे. नाक समतल किंवा केसभर खाली राहिले की बरोबर. मग मऊ गवतावर, मोटर बंद ठेवून, वाऱ्याच्या तोंडाला नाक किंचित खाली करून हलकेच फेकावे. सरळ जमिनीत घुसले तर नाक जड. वर चढून, थबकून पुन्हा खाली आपटले तर शेपूट जड, किंवा पंखाचा कोन जास्त.

हवेत पुरेशी उंची गाठल्यावर पुढची परीक्षा घ्यावी. समतल उड्डाणासाठी ट्रिम (काठी न धरताही एलिव्हेटर ठरावीक कोनात ठेवणारी जुळणी) लावून मोटर कमी करावी, उथळ सूर मारू द्यावा आणि काठी सोडावी. विमान झटकन वर खेचले गेले तर नाक जड आहे आणि तो दोष ट्रिमने झाकला गेला आहे. सूर आणखी खोल होत गेला तर गुरुत्वमध्य फार मागे आहे. हळूहळू सावरले तर काही बदलू नये. मंदगती विमानाचे पंख नाजूक असतात, त्यामुळे सूर ३० अंशांपेक्षा तीव्र नको. दर चाचणीनंतर बॅटरी दोन-तीन मिलिमीटरच हलवावी आणि जागा पक्की झाली की तिथे सांगाड्यावर पेनने रेघ मारावी. बॅटरी बदलून वेगळ्या वजनाची लावली तर ती रेघ निरुपयोगी ठरते, तोल पुन्हा बोटांवर पाहावा लागतो.