रात्री काळा लुअर माशाला दिसत नाही?

गोव्यात मांडवी नदीच्या काठावर गळ टाकणाऱ्या नवख्याला हे हमखास सांगितलं जातं: दिवस मावळला की चंदेरी लुअर (गळाला लावायचं नकली आमिष) लावा, काळा अंधारात दिसणार नाही. हे चूक आहे. लुअर आपण वरून बघतो, चोणक मासा खालून बघतो. रात्रीचं आकाशही पाण्यापेक्षा उजळ असतं आणि त्यावर काळी आकृतीच ठळक उठते. चकाकीला मुळात उजेड लागतो. तो नसला की चंदेरीही करडाच. शिवाय अंगावरच्या पार्श्वरेषेमुळे माशाला पाण्यातली थरथर कळते. म्हणून तिन्हीसांजेनंतर पृष्ठभागावर खळबळ करणारा गडद लुअर सावकाश ओढा. अमेरिकेत लार्जमाउथ बास धरणारेही रात्री काळ्यावरच भरवसा ठेवतात. चंदेरी ठेवा उन्हातल्या निवळ पाण्यासाठी.

आणि खाडीत घड्याळापेक्षा भरती-ओहोटी मोठी. ओहोटीला खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या, मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पाणी बाहेर पडू लागलं की कोळंबी, बारीक मासळी वाहत येते आणि चोणक तोंडाशीच दबा धरतो. मात्र मानशीवर जाळं लावलेलं असेल तर तिथे गळ टाकू नका. तिथल्या मासेमारीचा हक्क कुणीतरी लिलावात पैसे मोजून घेतलेला असतो.