खतखत्यातली मिरची आणि ‘हजारो वर्षांची’ संस्कृती

गणेश चतुर्थी जवळ आली की एक मजकूर फिरू लागतो: आपलं सणाचं ताट हजारो वर्षं जसंच्या तसं आहे, म्हणून ती आपली संस्कृती.

सणाचं खतखतं घ्या, म्हणजे गोव्याकडची अनेक भाज्यांची मिसळ भाजी. तूरडाळ, सुरण, ओलं खोबरं, तिरफळं (एक सुवासिक मसाल्याचं फळ) इथली जुनीच. पण मिरची, रताळं, बटाटा ही मूळची अमेरिका खंडातली पिकं. 1510 मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले आणि पुढच्या काळात ती आपल्याकडे रुजली. ताडून बघायचं तर बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ उघडा: पाककृती भरपूर, तिखटाला मिरी आहे, मिरची कुठेच नाही.

मग खतखतं परकं ठरतं का? मुळीच नाही. समाजशास्त्रात संस्कृती म्हणजे शिकलेली, वाटून घेतलेली आणि पुढच्या पिढीला दिलेली रीत. ती रक्तातून येत नाही, जिन्नसांच्या वयावरही ठरत नाही. वस्तू लवकर बदलतात, नियम सावकाश. कांदा-लसूण वर्ज्य, तिरफळं ठेचून शेवटी घालायची, आधी नैवेद्य मग पंगत: हे नियम नवी भाजी आली तरी टिकले, आणि त्यांनीच तिला आपलंसं केलं.

घरच्या माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगलेल्या चौकटीखाली, उभं राहून जुनं आणि अमेरिकेतून आलेलं अशी विभागणी करता येते: नारळ, सुपारी एका बाजूला, पेरू, पपई दुसऱ्या.