हाउसबोट आणि होडी: अलेप्पीच्या सहलीतला नेहमीचा घोळ

गणपती गावाला गेले की आमच्याकडे केरळच्या चौकशीचे फोन सुरू होतात. दिवाळीची सुट्टी, चार-पाच दिवस, थोडा समुद्र, थोडं बॅकवॉटर. यंदाचा पहिला फोन डोंबिवलीच्या आत्याचा.

"अगं, हाउसबोट बुक केली हो. एक रात्र. रात्रभर चांदण्यात त्या माडांच्या कालव्यांतून फिरायचं, बस्स!"

एका दमात दोन चुका. हाउसबोट रात्री फिरत नाही. आणि आत्याच्या डोळ्यांसमोर जे कालवे आहेत, त्यांत ती दिवसासुद्धा जात नाही. हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग एवढे पैसे कसले घेतात?" प्रश्न रास्त आहे. बुकिंग करण्याआधी तो पडला असता तर जास्त बरं झालं असतं.

हाउसबोट म्हणजे काय ते इथे सांगत बसत नाही. वेताच्या चटयांचं गोल छप्पर, पुढे खुर्च्या मांडलेला सज्जा, आत खोल्या, मागे स्वयंपाकघर. फोटो पाहिला नाही असा माणूस सापडायचा नाही. मुळातली ती केट्टुवळ्ळम, म्हणजे बांधलेली नाव. फणसाच्या जातीतल्या आंजिली झाडाच्या फळ्या खिळे न मारता काथ्यानं शिवायच्या आणि कुट्टनाडचा, म्हणजे अलेप्पीभोवतीच्या सखल पाणथळ भागातला, भात त्यातून कोचीपर्यंत न्यायचा. रस्ते आणि पूल झाले, ट्रक आले, नावा रिकाम्या पडल्या. नव्वदच्या दशकात त्यांच्यावर खोल्या चढल्या आणि भाताऐवजी आपण आलो. इतिहास संपला.

आता घड्याळाकडे या, कारण सगळा घोळ तिथेच आहे. चेक-इन बहुतेक बोटींवर दुपारी १२ ला, चेक-आउट दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला. म्हणजे २१ तास. बोट निघते, तासाभरात जेवणासाठी कुठेतरी काठाला लागते, मग तीन-साडेतीनपासून पुन्हा चालते आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बांधली जाते. सकाळी नाश्त्याच्या वेळी एखादा तास चालवून तुम्हाला धक्क्यावर परत आणून सोडतात. मोजून पाहा. २१ तासांतले चार-पाच तास बोट चालते, उरलेला वेळ ती एका जागी उभी असते. ही कुणाची लबाडी नाही, नियमच तसा आहे. संध्याकाळनंतर पाणी मच्छीमारांचं. त्यांची जाळी लागतात, त्यातून इंजिनाच्या बोटी घालायच्या नाहीत. नियम उत्तम आहे. फक्त बुकिंग घेताना तो कुणी आपणहून सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

माझी पहिली हाउसबोट अशाच एका ओळीत बांधली गेली होती. डावीकडे बोट, उजवीकडे बोट, प्रत्येकीचा जनरेटर सुरू. शेजारच्या बोटीवर अंताक्षरी 'म' वर अडकली होती आणि आमच्या सज्जातून दिसत होतं ते त्यांचं स्वयंपाकघर. एसी रात्री ९ ते सकाळी ६, हेही तिथे पोचल्यावर कळलं. चांदणं होतं की नाही, आठवत नाही. बोटींचे दिवेच इतके होते.

आता दुसरी चूक, जी मला जास्त छळते. केरळच्या प्रत्येक जाहिरातीत एक फोटो असतो. दोन्ही बाजूंनी माड वाकलेले, मधे जेमतेम खाटेला पुरेल एवढी पाण्याची पट्टी, पायरीवर भांडी घासणारी बाई. त्याच्या शेजारी हाउसबोटीचा फोटो. आपलं डोकं दोन्ही फोटो जोडून टाकतं. प्रत्यक्षात हाउसबोट ६०-७० फूट लांब आणि १२-१५ फूट रुंद. ती वेंबनाड तलावात आणि नद्यांच्या मोठ्या पात्रांत फिरते. तिथे काठ लांब असतो, माड काडेपेटीतल्या काड्यांएवढे दिसतात आणि भांडी घासणारी बाई तर दिसतच नाही. आतल्या कालव्यांवर गावकऱ्यांनी घातलेले कमानीचे बुटके पूल आहेत. त्यांच्याखालून हाउसबोटीचं छप्पर जाणार कसं? फोटोतला कालवा पाहायचा तर लहान होडीच हवी.

होडीतही दोन प्रकार आहेत. तो फरक पटकन सांगते. शिकारा म्हणतात तो (नाव काश्मीरचं, अलेप्पीनं उसनं आणलेलं) छपराचा, गाद्या-खुर्च्यांचा आणि मोटरचा असतो. मध्यम कालव्यांत जातो, भाडं तासावर, आणि माणसांवर नाही तर अख्ख्या बोटीवर. दुसरी साधी वल्ह्याची होडी. तिला तिकडे वळ्ळम म्हणतात, तोणी म्हणतात. चार-पाच माणसं, डोक्यावर काही नाही, मोटर नाही. सगळ्यात अरुंद पाण्यात फक्त तीच जाते. गुडघे धड असतील तर दुसरा विचार न करता वल्ह्याची घ्या.

अलेप्पीजवळच्या कैनकरी गावाच्या बाजूला अशाच एका होडीत आम्ही सकाळी साडेसहाला बसलो. नावाडी साठीचा असेल. मागे उभा राहून लांब बांबू तळाला टेकवायचा, ढकलायचा, पुन्हा ओढून घ्यायचा. आवाज म्हणाल तर बांबूवरून निथळणाऱ्या पाण्याचा तेवढा. एका वळणावर बाई पायरीवर उकिडवी बसून नारळाच्या काथ्यानं पातेलं घासत होती. होडी तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेली. तिनं वर पाहिलं, पातेलं बाजूला घेतलं आणि होडी पुढे गेल्यावर पुन्हा पाण्यात बुडवलं. आपण कुणाच्या तरी मोरीतून चाललोय, हे तेव्हा लख्ख कळतं, आणि कॅमेरा आपोआप खाली जातो. पुढच्या धक्क्यावर गणवेशातली मुलं शाळेच्या बोटीची वाट बघत उभी होती. खंड्या तारेवर, पाणकावळा खांबावर पंख पसरून.

मग नावाड्यानं होडी काठाला लावली आणि बांधावर चढायला सांगितलं. चढून पलीकडे पाहिलं तर भाताचं शेत खाली! ज्या पाण्यातून आलो ते आमच्या पायांच्या एका बाजूला उंचावर, आणि शेत दुसऱ्या बाजूला त्याच्यापेक्षा पुरुषभर खोल. कुट्टनाडची शेती समुद्रसपाटीच्याही खाली चालते, हे वाचलेलं होतं. त्या बांधावर उभं राहिल्यावर ते पोटात उतरलं. पावसाळा संपला की या खाचरांतलं पाणी पंपांनी बाहेर काढतात, मग पेरतात. बांध फुटला की पीक गेलं. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं या शेतीपद्धतीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हे सगळं हाउसबोटीच्या वाटेवरही असतंच. पण तिथे तुम्ही बांधावर उतरत नाही, तेव्हा तुमची चहा-भज्यांची वेळ झालेली असते.

मग हाउसबोट घ्यायचीच नाही का? तसं नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर हाउसबोटच घ्या. होडीत खाली बसणं आणि पुन्हा उठणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, शिवाय होडीत स्वच्छतागृह नसतं. तान्हं मूल असेल तरी तेच. दहा-बारा जणांचं कुटुंब असेल, सगळ्यांनी एकत्र जेवायचं-लोळायचं असेल, तर त्या सज्जासारखी जागा नाही. स्वयंपाक तर बहुधा झकास असतो. केळीच्या पानात भाजलेला करीमीन म्हणजे गोव्यातलं कालुंदर, आणि आमटीत कुडमपुळी, आपल्या आमसुलाचा चुलतभाऊ. फक्त हाउसबोट हा मुक्काम आहे, फेरफटका नाही, एवढं समजून पैसे द्या. पाण्यावरचा बंगला घेतलाय असं धरा. बंगला चालत नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही.

माझी स्वतःची पसंती ठरलेली आहे. कालव्याच्या काठच्या घरगुती मुक्कामात दोन रात्री, पहाटे वल्ह्याची होडी, आणि दुपारी सरकारी बोट. ही तिसरी गोष्ट आपल्या लोकांना माहीतच नसते. केरळच्या जलवाहतूक खात्याच्या बोटी म्हणजे तिथली एसटी. अलेप्पीच्या बसस्थानकाजवळच्या धक्क्यावरून नेडुमुडी, कावालम, कैनकरीकडे सुटतात. चहा-वड्याच्या पैशात तासन्‌तास पाण्यावर, आणि शेजारी कोंबडी घेऊन बाजाराला निघालेली आज्जी. याच खात्यानं २०१७ मध्ये वैक्कमला सौरऊर्जेवर चालणारी प्रवासी बोट सुरू केली, देशातली पहिली. अजून निवांत हवं असेल तर अलेप्पी सोडा आणि कोल्लमजवळच्या मनरो बेटावर जा. तिथे अष्टमुडी तलावाकाठचे कालवे इतके अरुंद आहेत की हाउसबोटीचा प्रश्नच मिटतो.

आता बाकीचे घोळ, भराभर. अलेप्पी आणि आलप्पुळा एकच. अलेप्पी आणि कुमारकोम हे एकाच वेंबनाडचे दोन काठ. कुमारकोम शांत, महाग, पक्षी जास्त. अलेप्पी गजबजलेलं, पण कालवे त्याच्या बाजूला. एक रात्र इथे आणि एक रात्र तिथे करणाऱ्यांना मी हात जोडते. अलेप्पीला समुद्रकिनारा आहे, जुन्या धक्क्याचे गंजलेले खांब संध्याकाळी छान दिसतात, पण अंग टाकून पडायचं असेल तर थोडं उत्तरेला मारारी गाठा. वर्कला म्हणजे लाल कड्याखालचा किनारा, कोवलम म्हणजे दीपगृह आणि गर्दी. मला वर्कला आवडतं. आणि मुंबईहून येणारी नेत्रावती एक्सप्रेस थेट अलेप्पी स्टेशनात थांबते, तेव्हा एर्नाकुलमला उतरून टॅक्सी करण्याचं कारण नाही.

'बॅकवॉटर' या शब्दानंही आपल्याकडे वैताग आणलाय. पवना, पानशेत, भिगवण इथे लोक ज्याला बॅकवॉटर म्हणतात तो धरणाचा फुगवटा आहे, आणि त्याला फुगवटा हा चांगला शब्दही आहे. केरळचं कायल म्हणजे वाळूच्या दांड्यामागे समुद्राला समांतर अडकलेलं नद्यांचं पाणी. आपल्या खाडीसारखंही ते नाही. तारकर्लीला ओहोटी लागली की होडी चिखलात बसेल म्हणून भरतीचं गणित करावं लागतं. कुट्टनाडात ते गणित तुमच्यापर्यंत पोचत नाही. तण्णीरमुक्कमला वेंबनाडावर मोठा बंधाराच आहे. खारं पाणी भातात घुसू नये म्हणून त्याची दारं साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत बंद ठेवतात. पण खारं पाणी अडलं की जलपर्णीला रान मोकळं. मुळा-मुठेची आठवण येईल इतकी हिरवी चादर काही कालव्यांवर पसरते आणि होडीवाला वाट बदलतो. तो चुकवाचुकवी करतोय असं समजून त्याच्याशी वाद घालू नका.

दिवाळीत जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे पाऊस परतला म्हणजे सगळीकडून परतला असं आपण धरून चालतो. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तुलावर्षम असतो, म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस. सकाळ लख्ख, आणि दुपारनंतर कडकडाट करत कोसळतो. हाउसबोटीचं घड्याळ आठवा, ती फिरते नेमकी दुपारीच. होडी पहाटेची. दिवाळीत होडी घ्या म्हणून मी आग्रह धरते त्यामागे हेही आहे. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर हा मुद्दा सोडून द्या, पण नाताळच्या आठवड्यात हाउसबोटींची जी रांग लागते ती पाहून दादरचा पूल आठवेल.

कोणतीही बोट घ्या, लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नाही. मे २०२३ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले. बोटीत जास्त माणसं भरली होती आणि अंधार पडल्यानंतर ती पाण्यात होती. कुणी "थोडे जास्त द्या, सूर्यास्तानंतरही फिरवतो" म्हणालं तर तिथेच उतरा.

आत्यानं शेवटी हाउसबोट रद्द केली नाही. काकांचे गुडघे दुखतात, त्यामुळे तेच बरं झालं. पण ती धक्क्यावर ९ ला उतरेल तेव्हा तिच्यासाठी शिकारा सांगून ठेवलाय, तीन तासांचा, खुर्च्यांचा. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "त्या भांडी घासणाऱ्या बाईकडे जातो ना गं तो?"

"जातो, आत्या. पण तोवर तिची भांडी झालेली असतील."

"मग सहाला बोलव."

"सहाला तू हाउसबोटीवर बांधलेली असशील."

पलीकडे बराच वेळ शांतता होती.