नाइस (विशेषण)

नाइस : इंग्रजीतील अत्यंत रुळलेले विशेषण. आजचा ढोबळ अर्थ ‘छान’ किंवा ‘चांगला’. हवा, कपडे, माणूस, कल्पना, कशालाही ते चालते; त्यामुळेच त्यातून नेमके असे फारसे काही कळत नाही.

उगम मात्र अगदी दुसऱ्या टोकाचा. लॅटिनमधील ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. गंमत अशी की ‘सायन्स’ हा शब्दही याच ‘स्कीरे’च्या कुळातला. जुन्या फ्रेंचमधून इ. स. १३००च्या सुमारास ‘नाइस’ इंग्रजीत आला तेव्हा तो मूर्खाला लावला जाई. पुढे त्याला नखरेल, बुजरा, चोखंदळ, नाजूक, काटेकोर अशा छटा चिकटत गेल्या. त्या इतक्या सरमिसळ आहेत की जुन्या मजकुरात नेमकी कोणती अभिप्रेत आहे, हे पुष्कळदा संदर्भावरूनही ठरत नाही. ‘सुखद’ हा अर्थ अठराव्या शतकात रूढ झाला, ‘प्रेमळ’ त्यानंतर. ‘सिली’चा प्रवास याच्या उलट झाला : आधी धन्य, मग भोळा, शेवटी मूर्ख.

शब्दाचा हा सैलपणा तेव्हाही खुपत होताच. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ (१८१७) या कादंबरीत हेन्री टिल्नी नायिकेची याच शब्दावरून फिरकी घेतो : दिवस नाइस, फेरफटका नाइस, मुलीही नाइस! शाळांतून आजही निबंधात हा शब्द टाळायला सांगतात. बोलताना त्याच्यावाचून अडतेच.

काटेकोरपणाची जुनी छटा पुरती गेलेली नाही. ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे छान नव्हे, तर सूक्ष्म भेद. ‘नाइसिटी’ म्हणजे बारकावा. ‘नाइस अँड वॉर्म’मध्ये तो स्वतंत्र गुण सांगत नाही, ऊब हवीहवीशी आहे एवढेच सुचवतो. उपरोधात ‘अ नाइस मेस’ म्हणजे ‘चांगलाच घोळ’, इथे मराठीची रीतही तीच. सपाट सुरात म्हटलेले ‘दॅट्स नाइस’ बहुधा विषय संपवण्यासाठी असते.

युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीत ‘नाइस’ नावाची आज्ञा आहे. एखाद्या कामाने प्रोसेसरच्या वेळेसाठी इतरांना किती वाट द्यायची, हे ती ठरवते. युनिक्सच्याच धर्तीच्या लिनक्स प्रणालीत त्यासाठीचा आकडा −२० ते १९ असतो. आकडा जितका मोठा, तितके ते काम मागे सरते. तो खाली आणायला सामान्य वापरकर्त्याला सहसा परवानगी नसते.